खाच

दुकानातले सगळे फोन एकदम किंचाळले तेव्हा मोठ्या बाई शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या, आणि त्या सोडवतच राहिल्या.

सकाळचे अकरा वाजले असतील. कानाच्या मशिनांचं दुकान ते, तसं लहानच. पुढे काउंटर आणि बाक, मागे काचेची खोली. खोलीत दुकानाच्या मालकाचं, त्याचं, टेबल, कॉम्प्युटर आणि कान तपासायची खुर्ची. बाकावर एक गृहस्थ आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन बसले होते, ते जागच्या जागी उडाले. हातातला चहा पँटवर सांडला. ‘च्यायला!’ ते म्हणाले आणि आईकडे बघून ओशाळले. पण आईला अजून मशीन लागायचं होतं. तिला फोनही ऐकू आला नव्हता आणि शिवीही. काउंटरवरच्या बाईनं छातीवर हात ठेवून फोन हातात घेतला. ‘काय आहे?’ गृहस्थांनी विचारलं. ‘वारा. संध्याकाळी वारा सुटणार आहे म्हणे. खिडक्या लावून घ्या.’ ‘एवढ्यासाठी ही बोंब? उद्या सांगतील शिंक येणार आहे, रुमाल काढा.’ ती हसली. खोलीचं दार उघडं टाकून तो काचेमागून बघत होता. त्याचा स्वतःचा फोन थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकला होता. तो बोटानं थोपवताना त्याची नजर सहज मोठ्या बाईंकडे गेली. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या कधीकाळी. शाळा सुटून वीस वर्षं झाली तरी सगळं शहर त्यांना मोठ्या बाईच म्हणायचं. दोन्ही कानांत त्यानंच बसवलेली मशिनं. त्या मशिनांनी त्यांना दोन खोल्यांपलीकडची कुजबुज ऐकू यायची आणि त्या तसं ऐकवूनही दाखवायच्या. आणि आत्ता, चार फोन हाताच्या अंतरावर किंचाळत असताना, त्यांनी पेन्सिल ओठाला लावली होती आणि उभा शब्द आठवत होत्या. पापणीसुद्धा लवली नाही. मग आजूबाजूचे चेहरे बघून त्यांनी मान वर केली. ‘काय झालं? कुणी काही बोललं का?’

हे त्यानंच केलेलं काम होतं आणि चोख होतं. त्याला घाम फुटला तो त्या चेहऱ्यामुळे. गेले सात महिने तो एक चेहरा मनाशी जुळवत होता आणि तो जुळत नव्हता. पाठमोरी साडी दिसायची, चपला दिसायच्या, पण चेहऱ्याच्या जागी काही नसायचं. आता त्याला कळलं तो कसा असेल. असाच. शांत, काहीतरी आठवत असलेला.

पूर्वी तो रेडिओ दुरुस्त करायचा. लग्नानंतर बारा वर्षांनी बायकोला ताप आला, ताप गेला आणि जाताना तिचे कान घेऊन गेला. डॉक्टरांनी मशीन दिलं. ते शिट्ट्या मारायचं, खरखरायचं, आणि दुकानदार म्हणायचा, सवय होईल. तिला सवय होईना. तेव्हा त्यानं मशीन उघडून बघितलं, मग त्याचं शिक्षण घेतलं, चाळिशीत, पोराटोरांच्या बाकावर बसून, आणि रेडिओचं दुकान बंद करून हे सुरू केलं. पहिलं मशीन तिलाच बसवलं. ती म्हणाली, ‘अहो, तोटाच झाला की. आता तुम्ही बोललेलं सगळं ऐकावं लागणार.’ तिच्या थट्टेला तो कधी उत्तर देऊ शकला नाही. त्याला उत्तरं सुचायची दुसऱ्या दिवशी, दुकानात, एकटा असताना. तेव्हा तो ती कागदावर लिहून घरी न्यायचा आणि ती वाचून आणखी हसायची. त्याला बोलणं जमायचं नाही, हात चालवणं जमायचं. तिला काही सांगायचं असलं की तो तिची मशिनं पुसायचा. कानात बसणारी रबराची बोंडं बदलायचा, ब्रशनं मळ काढायचा, फुंकर मारायचा आणि आपल्या हातानं परत बसवायचा. बसवताना ती डोळे मिटायची. सगळ्यांचेच कान त्यानं पाहिले होते, हजारो, पण कानाला हात लावू देताना डोळे मिटणारी माणसं फार थोडी.

फोनवरचे इशारे सुरू झाले तेव्हा ते वाईट नव्हते, हे त्याला मान्य करावं लागे. पहिल्यांदा असा आवाज झाला तो नदीचं पाणी चढत होतं त्या दिवशी, आणि खालच्या वस्तीतली माणसं अंथरुणं डोक्यावर घेऊन वर आली ती त्या आवाजामुळेच. सगळं शहर फोनला दुवा देत होतं. पुढच्या महिन्यात उन्हासाठी वाजला. मग धुक्यासाठी. मग पूल बंद आहे म्हणून, कुणी म्हातारा घरातून निघून गेलाय म्हणून, पाणी उशिरा येणार म्हणून, आणि मग ही फक्त चाचणी आहे, काही करू नका, म्हणून. काहीच करायचं नव्हतं तर ओरडलात कशाला, असं कुणाला विचारता येत नव्हतं, कारण तिकडे विचारायला माणूसच नव्हता. न ओरडल्याबद्दल कुणाची तरी नोकरी गेली असती, जास्त ओरडल्याबद्दल कुणाची गेली नसती. तेव्हा ते ओरडत राहिले. एका आठवड्यात अकरा वेळा. रोज मरे त्याला कोण रडे? लोक फोनकडे न बघताच अंगठ्यानं तो आवाज पुसू लागले, पोळी लाटता लाटता, गाडी चालवता चालवता, बोलणं न थांबवता. त्यांच्या कानात आपोआप जागा तयार झाली, तो आवाज पडून जाईल अशी. ज्यांच्या कानात मशीन होतं त्यांना ती सोय नव्हती. त्यांचा फोन थेट मशिनात बोलायचा. बाकीच्यांना तो आवाज टेबलावरून यायचा, यांना डोक्याच्या आतून.

‘कुणी तापलेली तार घातल्यासारखं होतं,’ बायको म्हणाली होती. त्या दिवशी तिच्या हातून उकळतं दूध पायावर सांडलं होतं. तो घरी आला तेव्हा ती पाय बादलीत सोडून बसली होती आणि मशिनं कपाटाच्या खणात होती. पाय बरा झाला तरी मशिनं खणातच राहिली. तो दुकानातून फोन करायचा, ती उचलायची नाही. दार वाजवायचा, ती उघडायची नाही. एकदा तो किल्लीनं दार उघडून आत आला तर न्हाणीतला नळ वाहून पाणी बाहेरच्या खोलीपर्यंत आलेलं, आणि ती पाठमोरी, कपड्यांच्या घड्या घालत, पावलं ओली. त्यानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती जी दचकली, ते त्याच्यानं बघवलं नाही. फोनमध्ये तो आवाज बंद करायची सोय होती, पण चाचणीचा आवाज बंद व्हायचा, मोठ्या धोक्याचा चालूच राहायचा, आणि आता तर सगळ्यालाच ते मोठा धोका म्हणत होते. शिवाय तिचा फोन बंद केला तरी शेजारणीचा वाजायचा, दुकानातला वाजायचा, रस्त्यावरचे पन्नास वाजायचे, आणि मशीन सगळ्यांचेच वाढवून आत पाठवायचं.

म्हणून त्यानं खाच पाडली. हा शब्द त्याचाच. कॉम्प्युटरच्या पडद्यावर माणसाचं ऐकणं उभ्या पट्ट्यांसारखं दिसतं, जाड आवाजांच्या पट्ट्या डावीकडे, बारीक आवाजांच्या उजवीकडे, आणि ज्याला जे कमी ऐकू येतं ती पट्टी वर उचलायची. त्याचं सगळं काम उचलण्याचंच. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा काही खाली पाडलं. इशाऱ्याचा आवाज दोनच सुरांचा होता, जवळजवळचे. त्या दोन सुरांच्या ठिकाणी त्यानं पट्ट्या तळापर्यंत ओढल्या, आणि ओळीत एक दात पडल्यासारखी फट दिसू लागली. मशीन तिच्या कानात बसवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, ‘अहो, आज वाजलंच नाही.’ ‘वाजलं की. दोनदा वाजलं. तुला ऐकू आलं नाही.’ ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग त्याचा हात धरून तिनं आपल्या गालाला लावला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. त्या एका संध्याकाळइतका तो स्वतःवर कधी खूश नव्हता. ‘तुला ऐकू आलं नाही’ हे वाक्य त्यानं अभिमानानं म्हटलं होतं, हे आठवलं की अजून त्याला उभं राहवत नसे.

काही दिवसांनी ती एवढंच म्हणाली होती, ‘तुमचा आवाज जरा पोकळ येतो हल्ली. मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा.’ ‘जुना झालो,’ तो म्हणाला होता. निदान त्या वेळी तरी उत्तर जागच्या जागी सुचलं होतं.

बागेतल्या बाकावर तिच्या मैत्रिणी बसत, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या कानात त्याचीच मशिनं. ती बोलली. मग त्या आल्या, त्यांचे नवरे आले, नवऱ्यांचे मित्र आले. ‘वहिनींना केलंत ते आम्हाला पण करा.’ तो करत गेला. मशीन बनवणाऱ्यांच्या पुस्तकात असलं काही नव्हतं, म्हणून कॉम्प्युटरवर नोंद न करता गिऱ्हाइकाच्या कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं अर्धा चंद्र काढायचा. एक्केचाळीस चंद्र झाले. लोक मिठाईचे पुडे घेऊन यायचे. एक आजोबा म्हणाले, तुम्ही मला माझी दुपार परत दिलीत. खाच आवाज ओळखत नाही, फक्त सूर ओळखते. त्या सुरात जे जे येईल ते सगळं तिच्यात पडतं, हे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला कुणी सांगायला हवं होतं असं नाही. एक स्टेशन कापलं की शेजारचं जातंच. हे त्याच्या मनात आलं होतं. खोटं कशाला, आलं होतं. एकदा, पट्टी ओढताना. काय जाईल फार तर, त्याला वाटलं होतं, एखादी शिट्टी, एखादं पाखरू.

दुपारचे चार. बायको शिंप्याकडे निघाली होती. गल्लीत पाण्याचा टँकर मागे येत होता, आणि मागे येताना तो टीं-टीं-टीं करत होता, जसे सगळेच करतात. चौथ्या मजल्यावरच्या माणसाला तो आवाज ऐकू आला. समोरच्या घरात झोपलेलं तान्हं त्या आवाजानं उठलं. इस्त्रीवाला ओरडला, पण इस्त्रीवाला लांब होता. सगळ्या गल्लीनं ऐकलं, आणि सगळ्या गल्लीनं नंतर हेच सांगितलं, की आवाज चालू होता हो, बाईंनी वळून नाही बघितलं. पोलीस चौकीत लिहून घेणाऱ्यानं विचारलं, ‘ऐकू यायचं का त्यांना?’ तो म्हणाला, ‘मशीन होतं.’ ‘मशीन लावून नीट यायचं का?’ पंखा फिरत होता. टेबलावरच्या काचेखाली कुणाच्या तरी मुलाचा फोटो होता. ‘कमीच यायचं,’ तो म्हणाला. त्या माणसानं लिहिलं: मयत बहिरी होती. वाचून दाखवलं, बरोबर का, आणि त्यानं खाली सही केली.

लेक आली, पंधरा दिवस राहिली, आणि जाताना म्हणाली, ‘बाबा, तुम्ही स्वतःला दोष नका देऊ. तुम्ही तर तिला कान दिले.’ ती दूरच्या शहरात असते. दर रविवारी फोन करते, आणि तो जेवलो म्हणून सांगतो. लेक परत गेल्यावर तिसऱ्या दिवशी टँकरचा ड्रायव्हर आला. आत येईना, उंबऱ्याबाहेर उभा राहिला, चपला न काढता, म्हणजे लगेच जाता येईल असा. ‘काका, मी आरशात बघितलं होतं. आईशपथ. आणि आवाज चालू होता. त्या मधूनच आल्या आणि चालतच राहिल्या. माणूस निदान मान तरी फिरवतो ना? असं कसं होईल, काका?’ त्याला खरोखर कळून घ्यायचं होतं. गेले पंधरा दिवस तो सगळ्यांना हेच विचारत फिरत असावा. ‘असतं एखाद्याचं नशीब,’ त्यानं ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हर मान हलवून गेला. आता तो गाडी चालवत नाही, आगारात टँकर धुतो.

ड्रायव्हर दारात होता तेव्हाच त्याला कळलेलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी तो आवाज मोजायचं यंत्र घेऊन पाणी भरायच्या ठिकाणी गेला आणि मागे सरकणाऱ्या टँकरच्या पाठी उभा राहिला. आकडा आला. खाचेच्या मधोमध. त्यानं आणखी तीन टँकर मोजले, दोन ट्रक मोजले, कचऱ्याची गाडी मोजली. कुणी थोडं वर, कुणी थोडं खाली, पण सगळे त्या पडलेल्या दातातून जाणारे. घरी येऊन त्यानं तिचं मशीन कॉम्प्युटरला जोडलं. मशीन स्वतःपुरती नोंद ठेवतं, दिवसाला किती तास घातलं त्याची. चौदा तास. कपाटाच्या खणातून काढून त्यानं तिच्या कानात बसवलं त्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, रोज चौदा तास. त्याच्यावर विसंबून.

मग त्यानं काहीच केलं नाही. हे सांगायला सोपं आहे, पण सात महिने काही न करणं हे फार कष्टाचं काम निघालं. एक्केचाळिसातून ती वजा, म्हणजे चाळीस. चाळीस म्हातारी माणसं ह्या शहरात चालत होती, ज्यांना मागे येणारी गाडी ऐकू येणार नव्हती, आणि त्यांना ते माहीत नव्हतं. बोलवून पट्टी वर करायला दहा मिनिटं लागली असती. पण का, असं त्यांनी विचारलं असतं. आणि कारण एकच होतं, आणि ते त्याच्या तोंडून निघालं की चौकीतली सही खोटी, ड्रायव्हरला दिलेलं उत्तर खोटं, लेकीचं वाक्य खोटं. तो सकाळी वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायचा, जिथे अपघात असतात. वय वाचायचा, भाग वाचायचा आणि नाव वाचायच्या आधी पान मिटायचा. रस्त्यात पुढे एखादा वाकलेला माणूस चालताना दिसला की तो पाठीमागून त्याचे कान बघायचा. अर्ध्या चंद्रांपैकी असला तर फुटपाथ बदलायचा. फोन वाजायचे, दिवसातून दोनदा, चारदा, वारा, ऊन, चाचणी, आणि कुणीच मान वर करायचं नाही. त्याला वाटायचं, आपण चाळिसांना खाच पाडली, बाकीच्यांनी आपली आपण पाडून घेतली, आणि आता ह्या शहरात जे काही खरं येईल ते ह्याच फटीतून येईल. मग वाटायचं, ही स्वतःला घातलेली फुंकर आहे. सगळेच बुडणार असतील तर आपलं बुडवणं त्यात खपून जातं.

‘मोठ्या बाई, जरा आत येता?’ तो म्हणाला. आपण हे म्हणालो हे त्याला आवाज ऐकूनच कळलं.

‘माझा नंबर नाही आला. ह्या आजी आहेत आधी.’

‘तुमचं दोन मिनिटांचं काम आहे.’

त्या आल्या, पेपर आणि पेन्सिल घेऊनच. त्यानं दार लावून घेतलं. खुर्चीत बसल्या. ‘मागच्या महिन्यात तर तपासणी झाली. तुम्हाला करमत नाही की काय?’ आणि मग आपण भलतं बोलून गेलो हे लक्षात येऊन त्या थांबल्या. त्यानं वाईट वाटून घेतलं नाही. ‘नवीन प्रोग्राम आलाय,’ तो म्हणाला. खोटं इतकं सहज आलं की त्याला त्याचा मार्ग दिसला. सगळ्यांना बोलवायचं. नवीन प्रोग्राम, फुकट तपासणी. पट्ट्या वर उचलायच्या आणि पाठवून द्यायचं. पुन्हा तो आवाज ऐकू आला म्हणून कुरकुर करतील तर म्हणायचं, कंपनीनं बदललं, माझ्या हातात नाही. चाळीस जण वाचतील आणि कुणाला काही कळणार नाही. इतके महिने हे सुचलं का नाही? त्यानं त्यांच्या कानांतून मशिनं काढली, पुसली, तारा जोडल्या. मोठ्या बाई आता शांततेत बसल्या होत्या. मशीन काढलं की माणसाच्या चेहऱ्यावर एक पडदा उतरतो, तो उतरला. पट्ट्या पडद्यावर आल्या, मधली फट आली. त्या ओठ वाचतात हे त्याला ठाऊक होतं, इतकी वर्षं कमी ऐकणारी माणसं सगळीच थोडंफार वाचतात, म्हणून त्यानं तोंड पूर्ण कॉम्प्युटरकडे वळवलं. आणि म्हणाला, ‘तिला टँकर ऐकू आला नाही कारण तो आवाज मी काढून टाकला होता. तुमच्याही कानातून काढलाय. एक वर्ष झालं.’

खोलीला आवाज न जाऊ देणाऱ्या भिंती होत्या. वाक्य कुठेच आदळलं नाही, नुसतं संपलं. काचेपलीकडे काउंटरवरची बाई गृहस्थांना टिश्यू पेपर देत होती.

‘काही म्हणालात का?’ मोठ्या बाईंनी विचारलं, मशीन नसलेली माणसं बोलतात तसं, नको तितक्या मोठ्यानं.

त्यानं मान हलवली, नाही. पट्ट्या उचलल्या. फट भरली. छातीवरचं ओझं उतरेल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. दगड एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्यासारखं झालं. त्यानं मशिनं परत बसवली. मोठ्या बाईंनी डोळे मिटले नाहीत. इकडेतिकडे बघितलं. ‘अगंबाई, तुमच्या आवाजात काहीतरी आलं. भरल्यासारखा झाला. आणि हा पंखा इतका वाजतो?’

‘वाजतो. पंधरा मिनिटं इथेच बसा. सवय होऊ द्या.’

त्या खुर्चीतच शब्दकोड्याकडे वळल्या. त्यानं खणातून कार्डं काढली आणि अर्धे चंद्र वेगळे केले. हात बरे चालत होते. हात चालले की त्याला बरं वाटे. पहिलं कार्ड छापखान्यातल्या आजोबांचं होतं, चाळीस वर्षं छपाईच्या यंत्रांपाशी उभं राहून कान घालवलेला माणूस. ‘जन्मभर मशीनचा आवाज ऐकला,’ ते प्रत्येक खेपेला म्हणायचे, ‘आता मशीनमधून आवाज ऐकतो. माझी सुटका नाही बुवा.’ त्यानं नंबर लावला. वाक्य तयार होतं: नवीन प्रोग्राम आलाय, एकदा येऊन जा. बऱ्याच वेळानं कुणीतरी उचललं. बाईचा आवाज, मागे नळ पूर्ण सोडलेला, भांडी.

‘आजोबा आहेत का? कानाच्या मशीनच्या दुकानातून बोलतोय.’

‘अहो, ते गेले. दीड महिना झाला. मी सून बोलतेय त्यांची. तुम्हाला कळवायचं राहिलंच, फार गडबड होती.’

त्यानं कार्डाच्या कोपऱ्यातल्या चंद्रावर अंगठा ठेवला. दीड महिना. म्हणजे तो टँकर मोजून आला त्यानंतर. तो सकाळी पेपर मिटत होता त्यातल्या एका पानावर. आता ‘अरेरे’ म्हणायचं, ‘फार मोकळा माणूस’ म्हणायचं आणि फोन ठेवायचा, आणि पुढचं कार्ड घ्यायचं. लोक त्याच्याशी तसंच वागले होते, कुणी पुढे विचारलं नव्हतं, आणि त्यानं त्यांचे उपकार मानले होते.

‘कसे गेले?’ त्यानं विचारलं.

नळ वाहत होता. ‘कसे म्हणजे...’ ती म्हणाली, आणि थांबली, आणि त्या थांबण्यात त्याला गल्ली दिसली, गाडीचा मागचा भाग दिसला, आणि शांत, काहीतरी आठवणारा एक चेहरा दिसला, छापखान्यातल्या आजोबांचा. ‘दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मी चहाला हाक मारायला गेले तर... हार्टफेल म्हणाले डॉक्टर. काही त्रास नाही झाला.’

‘बरं झालं,’ तो म्हणाला.

ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं होतं, मोठ्यानं, मनापासून. इतका आनंद त्याला सात महिन्यांत झाला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. एक म्हातारा मेला होता आणि त्याला नाचावंसं वाटत होतं. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःची भीती वाटली, जशी आपल्याच घरात कुणी अनोळखी उभा असावा तशी.

‘काय म्हणालात?’

‘नाही...’

‘बरं झालं म्हणालात तुम्ही. माझे सासरे गेले ते बरं झालं?’

शब्दकोड्यावरची पेन्सिल थांबली होती. मोठ्या बाई त्याच्याकडे बघत होत्या. फोन त्याच्या कानाला होता, पण पलीकडच्या सुनेचा चढलेला आवाज खोलीत येत होता, आणि त्यांच्या मशिनांत आता काहीही अडत नव्हतं. एक वाक्य तयार होतं, ते कुणालाही पटलं असतं: म्हणजे हाल न होता गेले, ते बरं झालं, असं म्हणायचं होतं मला. सुनेनंही ते घेतलं असतं. ती त्याची वाटच बघत होती, कारण माणसाला माणूस इतका वाईट असेल असं मानायचं नसतं. मोठ्या बाईंनी घेतलं असतं. उद्या दुसरा आला असता, मग तिसरा, प्रत्येकासाठी एक वाक्य, आणि ज्या ज्या घरात फोनवर ‘ते गेले’ ऐकू येईल तिथे त्यानं पुन्हा श्वास धरून विचारलं असतं, कसे. आणि कधीतरी एका घरातून दुसरं उत्तर आलं असतं. तेव्हाही एखादं वाक्य तयार असतं.

त्यानं फोन कानापासून काढला, टेबलावर ठेवला, आणि त्याचा आवाज खोलीत सोडला. ‘हॅलो? बोला ना आता!’ सून म्हणत होती.

‘सांगतो,’ तो म्हणाला. त्यानं खुर्ची फिरवली. त्याचं तोंड आता मोठ्या बाईंकडे होतं. ‘तुमच्या सासऱ्यांच्या मशिनात मी एक गोष्ट केली होती. फोनवरच्या त्या ओरडण्याचा त्यांना त्रास व्हायचा म्हणून. ते गाडीखाली गेले नाहीत म्हणून मी तसं बोललो. गाडीखाली जायला हवे होते, म्हणजे जाऊ शकले असते, माझ्यामुळे. मोठ्या बाई, तुम्हीसुद्धा. आज अकरा वाजेपर्यंत.’

मोठ्या बाईंचा हात हळूहळू कानाकडे गेला आणि तिथेच राहिला.

‘माझी बायको गेली,’ तो म्हणाला. त्याला प्रत्येक शब्दासाठी थांबावं लागत होतं. ‘टँकर मागे येत होता. सगळ्यांना ऐकू आला. तिला येऊ नये अशी सोय मी करून ठेवली होती. अजून कुणाला सांगितलं नाही.’

पलीकडे पाणी वाहत होतं. मग तिनं नळ बंद केला.

‘हं,’ ती म्हणाली. ‘पहिल्यापासून सांगा.’